पोलीस शस्त्रप्रशिक्षण व क्षणिक प्रतिक्रिया

पोलिसांना अग्निशस्त्रांचा वापर कसा करावा, केव्हा करावा व केव्हा टाळावा याविषयी देण्यात येणारे शिक्षण आणि सशस्त्र चकमकीत सेकंदाच्या अंशात घडणाऱ्या मानवी प्रतिक्रियांचा त्या शिक्षणाशी असलेला संबंध. सैनिकाचे व पोलिसाचे शस्त्रप्रशिक्षण वरवर सारखे दिसले, तरी त्यांत मूलभूत फरक आहे. रणांगणावर शत्रू बहुधा ठरलेला असतो. पोलिसासमोर उभी असलेली व्यक्ती गुन्हेगार आहे, भेदरलेला नागरिक आहे, मनोरुग्ण आहे की साध्या वेशातील दुसरा पोलीस आहे, हे पुष्कळदा शेवटच्या क्षणापर्यंत ठरलेले नसते. शिवाय त्याला बळाचा वापर केवळ आवश्यक तेवढाच करण्याची कायद्याने मुभा असते. त्यामुळे अचूक नेम धरणे हा या शिक्षणाचा एक भाग झाला. गोळी झाडावी की न झाडावी याचा निर्णय हा दुसरा आणि अधिक अवघड भाग होय.

एकोणिसाव्या शतकात बहुतेक पोलीसदलांत शस्त्रप्रशिक्षण असे नव्हतेच. लंडनचे महानगर पोलीसदल १८२९ मध्ये स्थापन झाले, ते सर्वसाधारणपणे विनाशस्त्र गस्तीच्या तत्त्वावर. अमेरिकेत शिपाई रिव्हॉल्व्हर बाळगीत, पण ते निरनिराळ्या बनावटीचे असे व चालविण्याचे शिक्षण ज्याचे त्याने घ्यावयाचे, अशी स्थिती होती. थीओडोर रूझवेल्ट हे न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना (१८९५–९७) तेथे एकाच बनावटीचे ·३२ व्यासाचे रिव्हॉल्व्हर ठरविण्यात आले व पिस्तूलसरावाची पद्धतशीर व्यवस्था सुरू झाली. पुढे अनेक दलांनी तिचे अनुकरण केले. मात्र हा सराव सैनिकी चांदमारीच्या धर्तीवर होता. भरपूर उजेड, स्थिर वर्तुळाकार लक्ष्य, ठरलेले अंतर, हात पूर्ण लांब करून आणि माशी व खाच एका रेषेत आणून सावकाश चाप ओढणे, असे त्याचे स्वरूप असे. या पद्धतीत उत्तम गुण मिळविणारा शिपाई प्रत्यक्ष झटापटीत हमखास यशस्वी होईल, असे गृहीत धरले जाई. ते गृहीत चुकीचे आहे, हे प्रथम ठळकपणे दिसून आले ते शांघाय येथे.

शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीचे पोलीसदल ब्रिटिश, चिनी व शीख शिपायांचे मिळून बनलेले होते. पंजाबातून भरती झालेले शीख शिपाई हा त्याचा एक महत्त्वाचा घटक होता. विल्यम फेअरबेर्न (१८८५–१९६०) हे १९०७ मध्ये या दलात दाखल झाले. शहरात सशस्त्र दरोडे व अपहरणे यांचे प्रमाण मोठे असल्याने चकमकी वारंवार घडत. साडेबारा वर्षांच्या काळात अशा ६६६ सशस्त्र झटापटींची नोंद या दलाकडे झाली होती. या नोंदींवरून फेअरबेर्न व त्यांचे सहकारी एरिक साइक्स यांनी काही निष्कर्ष काढले : बहुतेक गोळीबार चार-पाच पावलांच्या अंतरात होतो, तो अपुऱ्या उजेडात होतो, धोका जाणवताच मनुष्य आपोआप गुडघे वाकवून खांदे आक्रसतो आणि हातातील वस्तू घट्ट आवळतो. अशा वेळी माशीवर नजर स्थिरावण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. म्हणून त्यांनी वाकलेल्या पवित्र्यातून, शस्त्र शरीराच्या मध्यरेषेत ठेवून, जवळून झटपट दोन गोळ्या झाडण्याची पद्धती रूढ केली. पिस्तुलाचा सुरक्षा खटका त्यांनी कायमचा निकामी केला व नळीत काडतूस न भरता शस्त्र बाळगण्याचा नियम केला. घाईत शिपाई खटका विसरतो, हा त्यामागील अनुभव होता. सरावासाठी अंधाऱ्या खोल्यांचे एक घर उभारून त्यात अकस्मात पुढे येणारी लक्ष्ये, आवाज व अडथळे यांची योजना करण्यात आली. स्वाभाविक प्रतिक्रियेविरुद्ध झगडण्याऐवजी तिच्यावरच कौशल्य उभारावे, हे या पद्धतीचे सूत्र होय. १९४२ मध्ये या दोघांनी आपल्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन गुप्त पथकांच्या शिक्षणात ही पद्धती वापरली गेली. तिचा एक दोष मात्र लक्षात घेतला पाहिजे. समोरचा मनुष्य मारण्यास आलेला आहे हे तीत ठरलेलेच धरलेले असते. तो तसा नसेल तर काय, या प्रश्नाला तीत फारशी जागा नाही. ३० मे १९२५ रोजी याच दलाने निदर्शकांच्या जमावावर केलेला गोळीबार चीनच्या राजकीय इतिहासात कुप्रसिद्ध आहे.

अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अधिकाऱ्यांना शस्त्र बाळगण्याचा सर्वसाधारण अधिकार १९३४ मध्ये मिळाला. त्यानंतर या विभागाने निरनिराळ्या अंतरांवरून, उभे राहून, गुडघ्यावर बसून व आडोशामागून गोळीबार करण्याचा एक अभ्यासक्रम तयार केला. तो पुढे अनेक दलांनी स्वीकारला. तरीही मैदानावरील सवयी मैदानाबाहेर काय करतात हा प्रश्न उरलाच. ६ एप्रिल १९७० रोजी कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांचे चार तरुण शिपाई अवघ्या काही मिनिटांत दोन गुन्हेगारांकडून मारले गेले. या घटनेने अमेरिकेतील शस्त्रप्रशिक्षणाला वेगळे वळण दिले : संशयिताची मोटार कशी थांबवावी, साहाय्य येईपर्यंत कसे थांबावे, रिव्हॉल्व्हर झटपट कसे भरावे यांकडे लक्ष गेले. याच घटनेविषयी एक कथा दीर्घकाळ प्रशिक्षणवर्गांत सांगितली जात असे. मृत शिपायांपैकी एकाच्या खिशात रिकामी पुंगळी काडतुसे सापडली. चांदमारीच्या मैदानावर पुंगळ्या गोळा करण्याची सवय त्याला प्राणघातक ठरली, अशी ती कथा. नंतरच्या चिकित्सक अभ्यासात तिला आधार आढळला नाही. पुंगळ्या जमिनीवरच पडलेल्या होत्या. कथा खोटी असली, तरी तिच्यामुळे मैदानांवरील अनेक अनिष्ट सवयी मोडल्या गेल्या, ही गोष्ट नाकारता येत नाही.

प्रतिक्रियाकाल : उद्दीपक जाणवल्यापासून प्रतिसाद सुरू होईपर्यंतच्या कालास प्रतिक्रियाकाल म्हणतात. या विषयाचा उगम पोलिसांशी संबंध नसलेल्या एका घटनेत शोधतात. १७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेच्या प्रमुखाने आपल्या साहाय्यकास कामावरून दूर केले. तो ताऱ्यांच्या याम्योत्तर-लंघनाच्या वेळा सेकंदाच्या सु. ८/१० भागाने उशिरा नोंदवी, हे कारण. दोष साहाय्यकाच्या आळसात नसून निरीक्षकानिरीक्षकांतील नैसर्गिक फरकात आहे, हे पुढे जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी दाखविले. डच शरीरक्रियावैज्ञानिक डाँडर्स यांनी १८६८ मध्ये साधा प्रतिक्रियाकाल व निवडीचा प्रतिक्रियाकाल असा भेद केला. दिवा लागताच कळ दाबणे या साध्या कृतीस निरोगी तरुणास सु. ०·२ सेकंद लागतो. पण लाल दिव्यास उजव्या हाताने व हिरव्या दिव्यास डाव्या हाताने उत्तर द्यावयाचे झाल्यास काल वाढतो. पर्यायांची संख्या दर वेळी दुप्पट केल्यास प्रतिक्रियाकालात जवळजवळ सारखीच भर पडत जाते, हा नियम हिक (१९५२) व हायमन (१९५३) यांच्या प्रयोगांतून प्रस्थापित झाला.

या साध्या नियमाचे पोलिसी व्यवहारातील परिणाम दूरगामी आहेत. एक म्हणजे, कृती सुरू करणारा हा प्रतिसाद देणाऱ्याच्या नेहमी पुढे असतो. संशयिताने ठरवूनच हात हलविलेला असतो. पोलिसाला ती हालचाल पाहावी लागते, तिचा अर्थ लावावा लागतो आणि मग कृती करावी लागते. टेक्सास राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विशेष पथकांतील अनुभवी पोलीस आपले शस्त्र संशयितावर रोखूनच उभे होते, तर संशयिताची भूमिका करणाऱ्याचे शस्त्र दुसरीकडे वळलेले होते. संशयिताने शस्त्र वळवून गोळी झाडण्यास सरासरी ०·३८ सेकंद आणि पोलिसाने त्याला उत्तर देण्यास ०·३९ सेकंद लागला. म्हणजे शस्त्र रोखलेले असूनही दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकाच वेळी सुटत. वेग वाढवून ही तूट भरून काढता येत नाही, हा या प्रयोगाचा अर्थ होय. ज्याला प्रतिक्रियेवरच विसंबावे लागते तो आधीच अडचणीत आलेला असतो.

चाकू घेऊन धावून येणाऱ्याविषयीचे गणित १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पोलीसदलातील प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी मांडले. कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून दोन गोळ्या नेमक्या मारण्यास शिकलेल्या मनुष्याला सु. दीड सेकंद लागतो आणि तेवढ्या काळात सामान्य मनुष्य २१ फूट (सु. ६·४ मी.) अंतर धावून येतो, असे त्यांना आढळले. त्यांचा उद्देश सावधगिरी शिकविण्याचा होता : अंतर राखावे, मध्ये टेबल किंवा मोटार ठेवावी, वेळेवर मागे सरावे. पण प्रशिक्षणवर्गांत व न्यायालयांत त्यांच्या मापाचा हळूहळू 'एकवीस फुटांचा नियम' झाला आणि त्या अंतराच्या आत चाकूधारी आला की गोळी झाडणे समर्थनीय, असा त्याचा विपर्यास होऊ लागला. मूळ मांडणीत असा नियम नाही. मापाचे रूपांतर परवान्यात कसे होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

प्रतिक्रियाकाल थांबण्यालाही लागू असतो, ही गोष्ट सामान्यतः लक्षात घेतली जात नाही. गोळीबार चालू असताना धोका संपल्याची खूण दिसली, तरी ती उमगून बोट थांबेपर्यंत आणखी एक-दोन गोळ्या सुटू शकतात. तसेच गोळी झाडण्याचा निर्णय होताना समोर असलेली छाती, गोळी पोहोचेपर्यंत मनुष्य वळल्यामुळे, पाठ झालेली असू शकते. अमेरिकेतील बिल लेविन्स्की यांनी अशा कालमापनांचा पाठपुरावा केला व अनेक खटल्यांत पोलिसांच्या बाजूने तज्ञ म्हणून साक्षी दिल्या. त्यांच्या मोजमापांना महत्त्व आहे. परंतु त्यांवरून काढलेल्या निष्कर्षांवर आणि संशोधनाच्या पद्धतीवर अन्य अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. पाठीत लागलेली गोळी नेहमीच पळणाऱ्यावर झाडलेली असते असे नाही, एवढेच यातून निघते. ती तशी कधीच नसते, असे निघत नाही.

भीतीचा परिणाम : जीवावरचा धोका जाणवताच अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते आणि बोटांच्या सूक्ष्म हालचाली बिघडतात. लक्ष धोक्याच्या वस्तूवर एकवटते व तिच्या आजूबाजूचे दिसेनासे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अलेक्सिस आर्टवोल यांनी गोळीबारात सापडलेल्या १५७ पोलिसांना विचारलेल्या प्रश्नावलीत सु. ८४ टक्के जणांनी आवाज क्षीण ऐकू आल्याचे, सु. ७९ टक्के जणांनी दृष्टिक्षेत्र आकुंचल्याचे आणि सु. ६२ टक्के जणांनी काळ मंदावल्यासारखा वाटल्याचे सांगितले. आपण किती गोळ्या झाडल्या हे अनेकांना आठवत नाही. चौकशीत पोलिसाचे कथन व न्यायवैद्यक पुरावा यांत तफावत आढळली म्हणजे ते कथन खोटेच असते असे नाही, आणि तफावत नाही म्हणजे ते खरेच असते असेही नाही; चौकशी करणाऱ्याचे काम यामुळे कठीण होते.

नेमावर होणारा परिणाम आकड्यांतच पाहावा. न्यूयॉर्क पोलीसदलाच्या १९९८–२००६ या काळातील नोंदींचे जे परीक्षण रँड संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या सरासरी १८ टक्के गोळ्याच लक्ष्यावर लागल्याचे आढळले. समोरून गोळीबार होत नसताना हे प्रमाण ३० टक्के होते. हे सर्व पोलीस मैदानावरील परीक्षा उत्तीर्ण झालेले होते. न लागलेल्या गोळ्या कोठे तरी जातातच, ही गोष्ट वर्दळीच्या शहरात क्षुल्लक नाही. ॲम्स्टरडॅम येथील औडेयान्स, न्यूवेनहौस इ. संशोधकांनी पोलिसांना प्रथम पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर आणि नंतर साबणी काडतुसे उलट झाडणाऱ्या मनुष्यावर गोळीबार करावयास लावले. ही काडतुसे इजा करीत नाहीत, पण लागली म्हणजे चांगलीच झोंबतात. एवढ्या भीतीनेही पोलीस घाई करू लागले, अधिक वेळा डोळे मिटू लागले व त्यांचा नेम ढळला. विशेष म्हणजे, भयभीत अवस्थेत शरण येणाऱ्यावर चुकून गोळी झाडण्याचे प्रमाणही वाढले. ज्यांना अशाच दडपणाखाली काही काळ सराव दिला त्यांचा नेम मात्र दडपणात फारसा बिघडला नाही. शांत मैदानावरील सराव कितीही वाढविला तरी हा लाभ होत नाही.

ओळखण्यातील चूक : ४ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात साध्या वेशातील चार पोलिसांनी अमादू दियालो या गिनीहून आलेल्या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या, त्यांपैकी १९ त्याला लागल्या. तो निःशस्त्र होता. त्याच्या हातात पैशांचे पाकीट होते व पोलिसांना ते पिस्तूल वाटले. खटल्यात चौघेही निर्दोष सुटले. एकाने झाडलेल्या गोळीचा आवाज व भिंतीवरून उसळलेल्या गोळ्या यांना इतरांनी संशयिताचा गोळीबार समजणे, ही साखळी या घटनेत दिसून येते. दियालोच्या मृत्यूनंतर या प्रश्नाचा प्रायोगिक अभ्यास सुरू झाला. कोलोरॅडो विद्यापीठातील जोशुआ कॉरेल व सहकाऱ्यांनी (२००२) पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या व्यक्तींपैकी पिस्तूल धरलेल्यावर 'गोळी' झाडावयाची व पाकीट, दूरध्वनी इ. धरलेल्यास सोडावयाचे, असा खेळ रचला. सशस्त्र व्यक्ती कृष्णवर्णीय असल्यास निर्णय लवकर होई आणि निःशस्त्र व्यक्ती कृष्णवर्णीय असल्यास चुका अधिक होत. पुढे डेन्व्हरच्या पोलिसांवर हाच प्रयोग केला असता त्यांच्या वेळांत तोच कल दिसला, परंतु चुका सामान्य नागरिकांपेक्षा पुष्कळ कमी आढळल्या. क्षणार्धाची प्रतिक्रिया म्हणजे शुद्ध प्रतिक्षिप्त क्रिया नव्हे. समाजात रुजलेली अपेक्षा तीत आधीच कामाला लागलेली असते.

नजर कोठे असते याचाही यात वाटा आहे. व्हिकर्स व लेविन्स्की यांच्या २०१२ च्या अभ्यासात एक मनुष्य अचानक वळून हातातील वस्तू पुढे करी. ती कधी पिस्तूल असे, तर कधी दूरध्वनी. दूरध्वनी पुढे आला असतानाही नवशिक्यांपैकी सु. ६० टक्के जणांनी गोळी झाडली. निवडक पथकातील अनुभवी पोलिसांत हे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते. अनुभवी पोलीस शेवटपर्यंत समोरच्याच्या हाताकडे पाहत होते, तर नवशिके अखेरच्या क्षणी आपल्याच पिस्तुलाच्या माशीकडे नजर नेत होते. वर्षानुवर्षे 'माशीवर नजर ठेवा' असे शिकविल्याचा हा परिणाम म्हणावा लागेल.

प्रशिक्षणाच्या आधुनिक पद्धती या सर्व अनुभवांतून घडल्या आहेत. पडद्यावर प्रसंग दाखवून शिकाऊ पोलिसाच्या बोलण्याप्रमाणे व हालचालीप्रमाणे त्याचा शेवट बदलणारी अनुकार यंत्रे विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली. केंद्रीय अन्वेषण विभागाने क्वांटिको येथे १९८७ मध्ये बँक, टपाल कार्यालय, चित्रपटगृह वगैरे असलेले एक सराव-गावच उभारले. बोट चापावर न ठेवता चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवण्याचा नियम आता जवळजवळ सर्वत्र आहे. दचकल्यामुळे, तोल गेल्यामुळे किंवा दुसऱ्या हाताने कोणाला पकडताना मूठ आवळल्यामुळे शस्त्र धरलेल्या हाताचेही बोट नकळत आवळले जाते, असे रॉजर एनोका यांच्या स्नायूविषयक अभ्यासावरून स्पष्ट झाले आहे. प्रसंगाभिनयात गोळी न झाडण्याचे प्रसंग पुरेसे ठेवणे अगत्याचे असते. प्रत्येक प्रसंगाचा शेवट गोळीबारात होत असेल तर शिकाऊ पोलीस गोळीबाराचीच वाट पाहू लागतो.

तथापि सर्वांत परिणामकारक उपाय मैदानाबाहेरचे ठरले आहेत. न्यूयॉर्क पोलीसदलाने १९७२ मध्ये गोळीबारास परवानगी असलेले प्रसंग कमी केले आणि प्रत्येक गोळीबाराचे वरिष्ठांकडून परीक्षण सक्तीचे केले. जेम्स फाइफ यांच्या अभ्यासाप्रमाणे त्यानंतर गोळीबाराच्या घटना सु. ३० टक्क्यांनी घटल्या आणि पोलिसांना होणाऱ्या इजांत वाढ झाली नाही. अंतर राखणे, आडोसा घेणे, बोलत राहणे, साहाय्याची वाट पाहणे यांवर भर देणारा एक अभ्यासक्रम अमेरिकेत २०१६ पासून प्रचारात आहे. लूइव्हिल शहरात त्याचे परीक्षण झाले, तेव्हा बळाचा वापर सु. २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले व पोलिसांच्या इजाही घटल्या. या युक्त्यांचा गाभा प्रतिक्रियाकालाच्या नियमातच आहे. अर्ध्या सेकंदाचे पाच सेकंद करता आले, तर निर्णयाची जात बदलते.

कायदा : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये टेनेसी राज्य विरुद्ध गार्नर या खटल्यात, निव्वळ पळून जाणाऱ्या निःशस्त्र संशयितावर प्राणघातक बळ वापरता येणार नाही, असा निर्णय दिला. १९८९ च्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर या खटल्यात न्यायालयाने, पोलिसाच्या कृतीची वाजवीता घटनास्थळावरील समंजस पोलिसाच्या दृष्टीने पाहावी, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नव्हे, असे ठरविले. त्यात क्षणार्धात घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांचा स्पष्ट विचार होता. पुढे काही कनिष्ठ न्यायालये याचा अर्थ इतका संकुचित लावू लागली की, गोळी झाडण्यापूर्वीचे एक-दोन सेकंदच ती पाहत. तो क्षण पोलिसाने स्वतःच ओढवून घेतला असला तरी त्याचा विचार होत नसे. १५ मे २०२५ रोजी बार्न्स विरुद्ध फेलिक्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा दृष्टिकोण एकमताने अमान्य केला. त्या प्रकरणात पोलीस चालू लागलेल्या मोटारीच्या दारातील पट्टीवर चढला होता व त्यानंतर सु. दोन सेकंदांत त्याने गोळी झाडली होती. पूर्वीची परिस्थितीही पाहिली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

यूरोपात हा विचार तीस वर्षे आधी मांडला गेला. जिब्राल्टर येथे ६ मार्च १९८८ रोजी ब्रिटिश सैनिकांनी आयरिश प्रजासत्ताक सेनेच्या तिघांना ठार केले. ते दूरनियंत्रकाने स्फोट घडवितील अशी पक्की माहिती सैनिकांना देण्यात आली होती; प्रत्यक्षात ते निःशस्त्र होते. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९५ मध्ये सैनिकांना दोष दिला नाही, कारण त्यांचा समज प्रामाणिक होता. परंतु कारवाईच्या आखणीत व नियंत्रणात जीविताच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय १० विरुद्ध ९ मतांनी दिला. २२ जुलै २००५ रोजी लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात झां शार्ल द मेनेझिस या निरपराध ब्राझीली तरुणास आत्मघातकी हल्लेखोर समजून पोलिसांनी ठार केले, तेव्हाही व्यक्तिशः कोणा पोलिसावर खटला झाला नाही. मात्र २००७ मध्ये महानगर पोलीसदलास सार्वजनिक सुरक्षिततेविषयीच्या कायद्याखाली दोषी ठरवून १,७५,००० पौंड दंड करण्यात आला. चाप ओढणाऱ्याला क्षणाची सवलत, पण त्या क्षणापर्यंत नेणाऱ्या तासांची जबाबदारी संघटनेवर, असा हा विभाग आहे. तो न्याय्य दिसतो, परंतु मृताच्या आप्तांचे त्याने समाधान होत नाही.

भारतात पोलिसाला स्वतंत्र असा ठार मारण्याचा अधिकार नाही. खाजगी संरक्षणाचा जो हक्क कोणाही नागरिकास आहे (पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४), तोच पोलिसासही आहे. अटक करताना आवश्यक ते बळ वापरता येते. परंतु मृत्युदंडास वा आजीव कारावासास पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीस त्यासाठी ठार मारता येत नाही. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात पोलिसांशी झालेल्या ९९ चकमकींत सु. १३५ जण मरण पावले. त्यांच्या खरेपणाविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या : गुन्ह्याची नोंद, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्याची चौकशी, शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करणे, घटनेनंतर तत्काळ बढती वा शौर्यपारितोषिक न देणे इत्यादी. खरी चकमक आणि 'चकमक' या नावाखाली झालेली हत्या यांतील भेद प्रतिक्रियाकालाच्या चर्चेने मिटत नाही. क्षणाचा युक्तिवाद ज्याला खरोखर तो क्षण भोगावा लागला त्याच्यासाठी आहे. पूर्वनियोजित कृत्याला तो लागू करता येत नाही. जमा केलेली शस्त्रे, पुंगळ्यांची जागा, जखमेभोवतीची दारूची काजळी यांवरूनच हा भेद सिद्ध होऊ शकतो.

सराव मात्र भारतातील बहुतेक राज्यांत तुटपुंजा आहे. वर्षाकाठी मोजक्या काडतुसांची स्थिर लक्ष्यावरील चांदमारी, एवढ्यावरच पुष्कळ शिपायांचे प्रशिक्षण थांबते. बंदोबस्ताच्या कामामुळे तीही राहून जाते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात हे उघड झाले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ बंदुका घेऊन आलेल्या दोघांना तोंड देणाऱ्या पोलिसांपैकी काहींजवळ ·३०३ बंदुका होत्या, काहींजवळ केवळ काठ्या. काहींनी जिवावर उदार होऊन प्रतिकार केला. त्या दोघांना मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीजवळील नाकाबंदीत अडविण्यात आले. तेथे साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती. त्यांनी हल्लेखोराच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली व गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळे सहकाऱ्यांना एका हल्लेखोरास जिवंत पकडता आले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने शस्त्रे, सरावाची काडतुसे व प्रशिक्षण यांतील उणिवांची दखल घेतली आणि महाराष्ट्र शासनाने 'फोर्स वन' हे विशेष पथक उभारले. अशा पथकांना सराव, साधने व अनुकार यंत्रे मिळू लागली आहेत. पण मुंबईत काय किंवा मुफसल ठाण्यात काय, पहिल्या काही मिनिटांत घटनास्थळी असतो तो गस्तीवरील साधा शिपाई. आणि त्याच्या वाट्याला येणाऱ्या सरावाच्या काडतुसांची संख्या पथकांच्या तुलनेने अद्यापि अल्प आहे.